टॉलपडलचे सहा मजूर आणि आपला गावगाडा

इंग्लंडमधले खेडे म्हटले की आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे चित्र उभे राहते. गवताने शाकारलेली घरे, मधोमध चर्च, बाजूने वाहणारी नदी, हिरवळीवर चाललेले क्रिकेट. आणि भारतातले खेडे म्हटले की त्याच माणसाला आजोळ आठवते, आमराई आठवते, सगळे गाव एका कुटुंबासारखे कसे नांदत होते ते आठवते. ही दोन्ही चित्रे ज्यांनी काढली, त्यांनी त्या गावात दुसऱ्याचे शेत कधी नांगरलेले नाही.

म्हणून आज मी इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाविषयी लिहितो आहे. त्याचे नाव टॉलपडल. डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर शहरापासून सात-आठ मैलांवर, पिडल नावाच्या छोट्या नदीकाठी ते वसले आहे. वस्ती आजही जेमतेम तीन-चारशे. नदीकाठच्या अनेक गावांच्या नावात हे 'पडल' आहे : पडलटाउन, अफपडल, ब्रायंट्सपडल. टॉलपडलमधला 'टॉल' आला टोला नावाच्या बाईवरून. अकराव्या शतकात क्नूट राजाच्या पदरी ऑर्क नावाचा सरदार होता, त्याची ही विधवा. तिने इथली जमीन ॲबट्सबरीच्या मठाला दान दिली. म्हणजे गावाची ओळख सुरू होते तीच जमीन कोणाची आणि ती कोणी कोणाला दिली इथून. जमीन कसणाऱ्याचे नाव त्या नोंदीत नाही. हे वाचताना मला फार परके वाटले नाही. आपल्याकडच्या ताम्रपटांतही गाव दान देणारा असतो, घेणारा असतो, राबणारा नसतो.

परदेशात शिकायला गेलो तेव्हा या गावाला दोनदा जाऊन आलो. एकदा डॉर्चेस्टरहून चालत गेलो. कारण २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे याच गावातले सहा शेतमजूर उलट दिशेने, शिपायासोबत, तुरुंगाकडे चालत गेले होते. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स लव्हलेस, त्यांचा मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, थॉमसचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. पुढे जगाने त्यांना टॉलपडलचे हुतात्मे म्हटले. त्यांच्या गावात त्या दिवशी मात्र ते गुन्हेगार होते.

त्यांनी केले काय होते?

डॉर्सेटमधला शेतमजूर त्या काळी इंग्लंडमधल्या सर्वांत कमी मजुरी मिळणाऱ्यांपैकी होता. गायरानांना आणि सामाईक जमिनींना कुंपणे पडली होती. ज्याला एखादी गाय चारता येत होती, जळण गोळा करता येत होते, तो आता फक्त मजुरीवर उरला होता. टॉलपडलच्या मजुरांनी मालकांकडे मागणी केली की शेजारच्या भागात मिळते तेवढी, म्हणजे आठवड्याला १० शिलिंग, मजुरी आम्हालाही द्या. जॉर्ज लव्हलेसने नंतर लिहून ठेवले आहे की गावचे पाद्री थॉमस वॉरन यांच्या समक्ष मालकांनी हे कबूल केले. प्रत्यक्षात मजुरी ९ झाली, मग ८, मग ७, आणि पुढे ६ करणार असे सांगण्यात आले. मजूर पाद्रीकडे गेले, तुम्ही साक्षीला होता म्हणाले. पाद्रीने सरळ कानांवर हात ठेवले.

मग ऑक्टोबर १८३३ मध्ये त्यांनी शेतमजुरांची एक मित्रसंस्था काढली. प्रवेश फी १ शिलिंग, दर आठवड्याला १ पेनी वर्गणी. बैठका थॉमस स्टँडफील्डच्या झोपडीवजा घराच्या माडीवर. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, मृत्यूचे म्हणून एक सांगाड्याचे चित्र दाखवायचे आणि संघटनेची गोष्ट बाहेर फोडणार नाही अशी शपथ घ्यायची. नाटकी वाटेल, पण त्या काळच्या अनेक संघटनांत हीच रीत होती. ज्याची नोकरी, घर आणि मुलांची भाकर एकाच मालकाच्या हातात आहे, त्याला गुप्तता लागतेच.

मित्रांनो, आता पुढचा भाग नीट वाचा. कारण आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी याच वाटेने जावे लागते.

कामगार संघटना त्या वेळी इंग्लंडमध्ये बेकायदा नव्हती. तिच्यावरची बंदी १८२४ मध्येच उठली होती. त्यामुळे संघटना केली म्हणून त्यांना पकडता येईना. शेजारच्या मोरटन गावचा मोठा जमीनदार जेम्स फ्रॅम्प्टन हा तिथला मॅजिस्ट्रेटही होता. त्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १७९७ चा एक कायदा शोधून काढला. हा कायदा आरमारातल्या बंडानंतर केला होता आणि बेकायदा शपथा घेण्याविरुद्ध होता. संघटना कायदेशीर, पण संघटनेत येताना घेतलेली शपथ बेकायदा! बंडखोर खलाशांसाठी विणलेले जाळे नांगर धरणाऱ्यांवर टाकले गेले.

मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात खटला चालला. खटला उभा करायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीचा प्रमुख गृहमंत्र्यांचा मेहुणा होता. तक्रार करणारा फ्रॅम्प्टन आणि त्याचे नातलग त्याच ज्युरीत. निकाल देणाऱ्या ज्युरीत शेतमालक. साक्षीदार म्हणून उभा केला तो त्यांच्यातलाच, शपथ घेतलेला एक मजूर. शिक्षा झाली सात वर्षे काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियात हद्दपारी. न्यायाधीशाने सांगून टाकले की ही शिक्षा इतरांना दहशत बसावी म्हणून आहे. ते न्यायालय आजही जपून ठेवले आहे. आरोपीचा पिंजरा आहे, खाली कोठड्या आहेत. त्या पिंजऱ्यापाशी उभा राहिलो तेव्हा मला डॉर्सेट दिसत नव्हते. जमीनदार तोच, फिर्यादी तोच, पंच त्याचाच, साक्षीदार आमच्यातलाच फोडलेला. ही मांडणी मी लहानपणापासून ओळखतो.

मराठवाड्यातल्या आमच्या गावात वडील सालगडी होते. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते हे गावाकडच्यांना सांगायला नको. एका पाडव्याला वडिलांनी आणि वस्तीतल्या आणखी पाच-सहा जणांनी आपसांत ठरवले की या साली इतक्या रुपयांच्या खाली कोणी साल धरायचे नाही. बस, एवढेच. ना शपथ, ना सांगाड्याचे चित्र. आठ दिवसांत गिरणीवाल्याने आमचे दळण परत पाठवले. दुकानदाराने उधारी तर सोडाच, रोखीनेही तेल-मीठ द्यायचे थांबवले. शेतातून जाणारी वाट बंद झाली. आई तीन कोस चालून दुसऱ्या गावाहून पीठ आणायची. पंचनामा नाही, खटला नाही, न्यायाधीश नाही. फ्रॅम्प्टनला निदान कायद्याचे पुस्तक चाळावे लागले. आमच्या गावाला तेवढेही कष्ट पडले नाहीत. जातीने सगळी कलमे आधीच लिहून ठेवली होती.

टॉलपडलमध्ये मागे राहिलेल्या बायकांचे काय झाले हेही सांगायला हवे, कारण हुतात्म्यांच्या कथेत त्यांना एक ओळ मिळते. त्या काळी गरिबांना गावच्या पॅरिशमधून मदत मिळत असे. या बायकांनी मुलांच्या पोटासाठी ती मागितली, आणि मॅजिस्ट्रेटांनी ती नाकारली. नवऱ्यांकडे संघटनेची वर्गणी भरायला पैसे होते ना, मग आता मदत कशाला, असा एकूण सूर. गिरणी बंद करणे आणि पॅरिशची मदत बंद करणे या दोन्हींत पुरुषाने मान वर केली की बाईची चूल विझवायची, ही युक्ती एकच आहे.

इथे एक प्रश्न तरुण मित्र हमखास विचारतात. गोऱ्या मजुरांच्या कहाणीशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो बाबासाहेबांनीच जोडून दिलेला आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांसमोर आक्षेप होता की या घटनेत खेड्याला पायाचे स्थान नाही. भारतीय खेडे म्हणजे स्वयंपूर्ण छोटे प्रजासत्ताक, हे कौतुक तेव्हा सगळीकडे चालू होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की हे कौतुक मुळात चार्ल्स मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या लिखाणातून आलेले आहे. आणि मग त्यांनी खेड्याची जी संभावना केली ती आपल्याला पाठ आहे : खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, आणि घटनेने खेडे टाकून व्यक्तीला एकक मानले याचा मला आनंद आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आता तारीख पाहा. मेटकाफने भारतीय खेड्याची ती स्तुती लिहिली १८३० साली. आणि त्याच १८३० च्या हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या देशातली खेडी पेटलेली होती. दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजूर मळणीयंत्रे फोडत होते, गंजी जाळत होते. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाने मालकांना धमकीची पत्रे जात होती. डॉर्सेटमध्येही हे लोण पोचले आणि आपला हाच फ्रॅम्प्टन तेव्हाही मजुरांना आवरायला पुढे होता. दंगे मोडल्यावर १९ जण फासावर गेले, सुमारे ५०० जणांना हद्दपार केले गेले. स्वतःच्या घरातले खेडे मोडून पडलेले असताना साहेबाला दुसऱ्याच्या घरातले खेडे रमणीय दिसत होते. आणि आपल्याकडच्या सवर्ण राष्ट्रवाद्यांनी साहेबाची बाकी सगळी विद्या शंकेने तपासली, पण खेड्याच्या स्तुतीचे हे प्रमाणपत्र मात्र जसेच्या तसे फ्रेम करून भिंतीवर लावले. कारण ते सोयीचे होते. त्या प्रजासत्ताकात महारवाडा कुठे होता, येसकराच्या पाळीला काय मिळत होते, पाणवठा कोणाचा होता, हे प्रश्न त्या फ्रेममध्ये मावत नव्हते.

म्हणून मला टॉलपडल महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्येही खेडे कुटुंबासारखे नव्हते. तिथेही गाव एकाचे असायचे आणि राहायचे सगळ्यांनी. 'आपले गाव' हा शब्द वापरताना 'आपले' म्हणजे कोणाचे, हे विचारण्याची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली. ती साहेबाच्या गावालाही लावून पाहिली पाहिजे.

जॉर्ज लव्हलेस शेतमजूर असून बोलायला, लिहायला, माणसे जोडायला कुठे शिकला? तो मेथडिस्ट पंथाचा प्रचारक होता. गावात दोन प्रार्थनास्थळे होती. एक जुने दगडी चर्च, जमीनदाराचे आणि वॉरन पाद्रीचे. दुसरे मजुरांनी १८१८ च्या सुमारास बांधलेले मातीच्या भिंतींचे साधे चॅपेल. मोठ्या चर्चमध्ये मजुराची जागा मागच्या बाकावर. चॅपेलमध्ये तोच मजूर उभा राहून बोलत होता, हिशोब ठेवत होता, सभा चालवत होता. सहापैकी पाच जण याच चॅपेलचे. पाच माणसांची संघटना माडीवर जमण्याआधी ती चॅपेलमध्ये घडली होती. गावकुसाबाहेरच्या आपल्या विहारांनी आणि समाजमंदिरांनी नेमके हेच काम केले. ज्याला गावच्या पारावर बसता येत नव्हते तो विहारात अध्यक्ष झाला. आज ज्या विहारात फक्त जयंतीची वर्गणी गोळा होते आणि वर्षभर कुलूप असते, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेच्या जवळचा इंग्रजी मंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या समाजवादी चळवळीत रूढ होता. बाबासाहेबांनी तिथे केवळ पदव्या घेतल्या नाहीत, तिथल्या कामगारांनी काय कमावले आणि कसे कमावले तेही पाहिले. स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो १९३६ साली. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मुंबईतला मोर्चा, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, ही त्यांची विधिमंडळातली भूमिका होती. पुढे मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे दुरुस्ती विधेयक त्यांनी मांडले. लव्हलेसच्या माडीवरून जो प्रश्न निघाला तो दिल्लीच्या विधिमंडळात आपल्या बापाने मांडला. हा संबंध आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपले डावे मित्र लगेच म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो, शोषण सगळीकडे सारखेच, जात बाजूला ठेवा. थांबा. टॉलपडलची गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

शिक्षा झाल्यावर देशभर संताप उसळला. २१ एप्रिल १८३४ ला लंडनमधल्या कोपनहेगन फील्ड्सवर हजारो कामगार जमले. दोन लाखांच्या आसपास सह्यांचा अर्ज मिरवणुकीने नेण्यात आला. मेलबर्नने तो घ्यायला नकार दिला. कामगारांच्या समितीने मागे राहिलेल्या कुटुंबांना पैसे पोचवले. थॉमस वाकली नावाच्या डॉक्टर खासदाराने पार्लमेंटमध्ये प्रश्न लावून धरला. मार्च १८३६ मध्ये संपूर्ण माफी मिळाली. १८३७ ते १८३९ या काळात सहाही जण परतले. लोकवर्गणीतून पाच कुटुंबांना एसेक्समध्ये शेती घेऊन दिली. तिथल्या पाद्रीला आणि जमीनदारांनाही ते खुपले. मग १८४४ पासून ही पाच कुटुंबे कॅनडात, ओंटारिओमधल्या लंडन गावाजवळ गेली. स्वतःची शेती केली. आणि तिथे त्यांनी आपला भूतकाळ झाकून ठेवला. आपले वडील कधीकाळी सजा भोगून आलेले कैदी होते, हे पुढच्या पिढीला फारसे ठाऊकच नव्हते.

इथे वाट फुटते. लव्हलेसने गाव सोडले आणि गाव मागे राहिले. समुद्र ओलांडला, बोलणे थांबवले, आणि एका पिढीत तो फक्त एक शेतकरी झाला. आमच्या वडिलांनीही गाव सोडले. दळण बंद झाल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही शहरात आलो. वडील बांधकामावर विटा वाहू लागले. विटा वाहताना ते मजूर होते, हे खरे. पण खोली बघायला गेलो की घरमालकीण आधी आडनाव विचारायची, मग भाडे सांगायची. कधीकधी भाडे सांगायचीच नाही. लव्हलेसला स्वतःचा भूतकाळ लपवता आला, कारण तो त्याचा एकट्याचा होता, त्याने स्वतः केलेल्या गोष्टीचा होता. आमचा भूतकाळ आडनावात, गावाच्या नावात, दाखल्यावर छापलेला असतो. कारखान्यातही हेच झाले. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणणारा आणि सूत कातणारा, दोघेही कामगार. पण विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धागा ओढताना तोंड लागत होते. एकाच मालकाखाली राबणाऱ्या कामगारांनीच ही भिंत उभी ठेवली होती. जात कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्यांनाच वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवते, ही बाबासाहेबांची मांडणी याच अनुभवातून आलेली आहे. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांसमोर त्यांनी भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीलाही शत्रू म्हटले ते काही भाषण रंगवण्यासाठी नव्हे.

आणखी एक हिशोब मांडला पाहिजे. ज्या पार्लमेंटच्या काळात या सहा जणांना हद्दपार केले, त्याच पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले, गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना. आणि लव्हलेस, स्टँडफील्ड यांना जिथे सजा भोगायला नेले ती ऑस्ट्रेलियाची जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. पुढे कॅनडात त्यांना जी शेती मिळाली तिची कथाही निराळी नाही. एका ठिकाणचा पीडित दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या जमिनीवर उभा असतो. त्यामुळे लव्हलेसचे मोठेपण कमी होत नाही. पण समतेचा हिशोब करताना आपण हा रकानाही कोरा ठेवू नये.

सहावा माणूस राहिला. जेम्स हॅमेट. मला सगळ्यांत जास्त तोच आठवतो. तो चॅपेलचा नव्हता. ज्या रात्रीच्या शपथेवरून खटला झाला त्या रात्री तो माडीवर नव्हताच, तिथे त्याचा भाऊ जॉन होता, असे मानले जाते. जॉनची बायको बाळंत होणार होती. जेम्स तोंडातून अक्षर न काढता भावाऐवजी गेला. ऑस्ट्रेलियाहून सर्वांत शेवटी तोच परतला आणि एकटा तोच टॉलपडलमध्ये राहिला. पुढची पन्नास वर्षे त्याच गावात, त्याच माणसांमध्ये. बांधकामावर मजुरी केली. १८८४ पर्यंत त्याच्यासारख्या शेतमजुरांना मताचा अधिकारही नव्हता. आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात तो वारला. ज्यांच्या नावाने लंडनमध्ये मिरवणूक निघाली होती त्यांपैकी एकाचा शेवट धर्मादाय खाटेवर झाला.

त्याच्या कबरीवर आज जो दगड आहे तो १९३४ मध्ये बसवला. म्हणजे मृत्यूनंतर ४३ वर्षांनी. हे मी मुद्दाम सांगतो आहे. गाव आपोआप आठवण ठेवत नाही. टॉलपडलने या सहा जणांना दीर्घकाळ विसरूनच टाकले होते. १९१२ मध्ये मेथडिस्ट चॅपेलसमोर स्मारकाची कमान उभी राहिली, आणि शंभर वर्षे झाली तेव्हा, १९३४ मध्ये, ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने गावात सहा घरे बांधली. प्रत्येक घराला एकेका मजुराचे नाव. त्या घरांत कोण राहणार? चळवळीतले म्हातारे शेतमजूर. मधल्या दालनात संग्रहालय. हॅमेट गरीबखान्यात मेला, म्हणून यापुढे आमचा माणूस गरीबखान्यात मरणार नाही, असे त्या बांधकामाने सांगितले. माझ्या मते जगातल्या उत्तम स्मारकांपैकी हे एक आहे.

दरवर्षी जुलैमध्ये त्या गावात मेळा भरतो. दुसऱ्यांदा गेलो तो याच मेळ्याला. रविवारी गावच्या एकुलत्या रस्त्यावरून संघटनांचे रेशमी बॅनर, बँडपथके, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया अशी मिरवणूक निघते. हॅमेटच्या कबरीवर पुष्पचक्र वाहतात. पुस्तकांचे स्टॉल, वादविवाद, गाणी. ज्या जुन्या सायकॅमोर झाडाखाली हे मजूर जमत असत ते तीनशेहून अधिक वर्षांचे झाड अजून उभे आहे, आणि लोक त्याला हात लावून जातात. मला ६ डिसेंबरचे शिवाजी पार्क आठवले, तिथली पुस्तकांची गर्दी आठवली. एका बाबतीत आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. आपल्या मेळ्याला कोणत्या महासंघाने शंभर वर्षांनी बोलावणे धाडले नाही. उपाशीतापाशी, रेल्वेच्या दारात लटकून येणाऱ्या माणसांनी तो स्वतः उभा केला.

पण एका बाबतीत आपण मागे आहोत, आणि ते बोलले पाहिजे. नामांतराच्या लढ्यात ज्यांची घरे जळाली, ज्यांनी सोळा वर्षे मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, ते आपले हॅमेट आज कुठे आहेत? कोणी पत्र्याच्या खोलीत खोकत आहे, कोणी मुलाच्या दारात ओझे झाला आहे. १४ एप्रिलला आपण त्यांच्या गळ्यात हार घालतो, १५ एप्रिलला त्यांच्या औषधाची चिठ्ठी कोणी बघत नाही. आपल्याकडे पुतळ्यांसाठी वर्गणी होते, डीजेसाठी तर होतेच होते. म्हाताऱ्या कार्यकर्त्यासाठी एक खोली बांधलेली मला कुठे दिसत नाही. त्यांच्या आठवणी, त्यांची पत्रे, पत्रके, खटल्यांचे कागद रद्दीत जात आहेत. लव्हलेसने परत आल्याबरोबर १८३७ मध्ये आपली हकिकत छापली म्हणून आपल्याला आज मजुरी ९, ८, ७ कशी झाली ते कळते. आमच्या गावातल्या त्या पाडव्याची हकिकत कुठल्याही दप्तरात नाही. ती माझ्या आईच्या तोंडी होती, म्हणून इथे चार ओळी तरी आल्या.

तेव्हा टॉलपडलकडून घ्यायचे काय, ते मोजके सांगतो.

पहिले, आठवड्याची पेनी. वर्षातून एकदा हजाराची पावती फाडण्यापेक्षा दर आठवड्याला दहा रुपये देणारे शंभर जण जास्त टिकतात. बहिष्कार पडतो तेव्हा निवेदन पोट भरत नाही, पीठ भरते. दुसरे, कायदा वाचा. आपल्याकडे ॲट्रॉसिटी कायदा आहे, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. फ्रॅम्प्टनने जुना कायदा शोधून मजुरांवर वापरला. आपल्या हातात आपल्यासाठी केलेले कायदे असताना आपण ते ठाण्यातल्या हवालदाराच्या मर्जीवर सोडतो. तिसरे, प्रत्येक तालुक्याने आपल्या जुन्या कार्यकर्त्यांची यादी करावी, त्यांचे बोलणे मोबाइलवर नोंदवून ठेवावे आणि त्यांच्या म्हातारपणाची जबाबदारी घ्यावी. चौथे, जगभरच्या कष्टकऱ्यांशी नाते जरूर जोडा, पण जात विसरण्याची अट कोणी घातली तर ते नाते नव्हे, ती पुन्हा मागच्या बाकावरची जागा आहे.

आणि पाचवे. पुन्हा कोणी 'पूर्वी गाव कसे गुण्यागोविंदाने नांदत होते' असे म्हणाला, मग ते गाव डॉर्सेटचे असो की मराठवाड्याचे, तर वाद घालू नका. फक्त विचारा : मजुरी किती होती, दळण कोणाचे थांबत होते, आणि तुमचे घर गावात होते की गावकुसाबाहेर?

जय भीम!